पोट भरल्यावर थांबणे : घरच्या प्रकल्पाच्या नोंदी (जून ते सप्टेंबर २०२४)

२४ जून २०२४, सोमवार

यजमानांच्या रक्ताचा अहवाल आज मिळाला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतल्या रक्तातील साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.१ टक्के आहे, आणि ५.७ ते ६.४ या टप्प्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. डॉक्टरांनी पथ्याची यादी हातात न देता एवढेच सांगितले, की पोट भरले की पानावरून उठायला शिका, बाकीचे तीन महिन्यांनी पाहू. हा सल्ला मला मोलाचा वाटला, आणि तो एकट्या यजमानांसाठी न ठेवता घरातल्या सगळ्यांनी मिळून राबवायचा असे रात्री ठरले. मी कनिष्ठ महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवते, त्यामुळे नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले.

प्रकल्पाची चौकट अशी ठरवली आहे. कोणताही पदार्थ बंद होणार नाही, काहीही वजन करून वाढले जाणार नाही आणि कोणी किती खाल्ले यावर टीका होणार नाही. अप्पा, म्हणजे माझे सासरे, मधुमेहाच्या गोळ्या घेतात. त्यांतल्या काही गोळ्या जेवण कमी झाले तरी साखर खाली आणतातच, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या जेवणात बदल करायचा नाही. मुले वाढत्या वयाची आहेत, त्यांनी कमी खावे हा हेतू मुळीच नाही. आपल्याला पुरेसे झाले हे प्रत्येकाला स्वतःचे स्वतः कळावे आणि कळल्यावर संकोच न वाटता थांबता यावे, एवढेच साधायचे आहे.

२ जुलै

पहिला आठवडा फक्त निरीक्षणाचा होता. जेवण झाल्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : तुम्ही नेमके कशामुळे थांबलात? यजमान ताकभात संपला म्हणून थांबले. अप्पा दोन भाकरी झाल्या म्हणून थांबले, कारण त्यांच्या दोन भाकरी कित्येक वर्षे ठरलेल्या आहेत. धाकटा दूरदर्शनवरची मालिका संपली म्हणून उठला. मोठी म्हणाली, आजीने वाढायचे थांबवले म्हणून. सासूबाईंनी उत्तर दिले, की भांडी रिकामी झाली म्हणून. पोट भरले म्हणून थांबलो, असे उत्तर आठवडाभरात एकदाही आले नाही.

या नोंदीमुळे कामाची दिशाच बदलली. आम्ही समजत होतो की शिकायचे आहे ते संयमाविषयी. प्रत्यक्षात आमच्या घरात कधी थांबायचे हे वाढणारा हात, जेवणाचा ठरलेला क्रम आणि भांड्यातले उरलेले अन्न ठरवते, जेवणारा ठरवतच नाही. तो निर्णय जेवणाऱ्याकडे परत आणून देणे, हेच या प्रकल्पाचे खरे काम आहे.

अमेरिकेतील पोषणतज्ज्ञ बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ सालचा एक प्रयोग इथे आठवतो. प्रौढ माणसांना चीज घातलेला पास्ता वेगवेगळ्या दिवशी ५०० ग्रॅमपासून १००० ग्रॅमपर्यंत वाढण्यात आला. सर्वांत मोठ्या वाढपाच्या दिवशी त्यांनी सर्वांत लहान वाढपाच्या दिवसापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक खाल्ले, आणि तरीही पोट किती भरले याचे त्यांनी सांगितलेले उत्तर मात्र जवळपास सारखेच होते. म्हणजे जास्त वाढले की जास्त जाते, आणि गेलेले कळतही नाही. लहान ताट घ्या हा सल्ला मात्र मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे, कारण त्यावरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि आमच्याकडे दुसऱ्यांदा वाढायला कोणी ना कोणी तयारच असते.

७ जुलै

आज रविवार असल्याने सगळ्यांना एकत्र बसवून पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत कशी पोहोचते ते समजावून सांगितले. पहिली वर्दी ताणाची असते. जठराच्या भिंतीतील संवेदक ताण ओळखतात आणि व्हेगस या मज्जातंतूमार्फत तो मेंदूच्या तळाशी कळवतात. मात्र जठर ही ताठ पिशवी नाही. अन्न येऊ लागले की त्याचा वरचा भाग आपणहून सैल होतो आणि जागा करून देतो, त्यामुळे सुमारे लिटरभर ऐवज आत जाईपर्यंत दाब फारसा वाढत नाही. ज्याला आपण तड लागणे म्हणतो तो ताण या सोयीच्याही पलीकडचा आहे. तिथवर वाट पाहणाऱ्याला पुरेसे झाल्याची वेळ केव्हाच मागे पडलेली असते.

दुसरी वर्दी आतड्यातून येते. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने लहान आतड्याच्या वरच्या भागात पोहोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक (हार्मोन) सुटते. ते दिल्यावर उंदीर लवकर खाणे थांबवतात, हे १९७३ साली गिब्स, यंग आणि स्मिथ यांनी दाखवून दिले. आतड्याच्या खालच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके येतात. या सगळ्यांचा जोर वाढायला पंधरा-वीस मिनिटे जातात. आमचे यजमान सकाळचे जेवण जेमतेम दहा मिनिटांत उरकून बाहेर पडतात, तेव्हा ही दुसरी वर्दी त्यांना वाटेतच गाठत असणार.

अप्पांनी यावर आयुर्वेदाचार्य वाग्भटांचा दाखला दिला. त्यांच्या अष्टांगहृदय या ग्रंथाच्या मात्राशितीय अध्यायात पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक पेयासाठी आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवायला सांगितले आहे. शेजारच्या जैन कुटुंबात ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे, हे बाह्य तपांपैकी एक मानून पाळतात. सल्ला इतका जुना आहे. तो अंगवळणी का पडत नाही, याचे उत्तर आमच्या स्वयंपाकघरातच शोधायचे आहे.

१२ जुलै

जेवताना दूरदर्शन बंद. या एका बदलावर चार दिवस कुरबुर झाली, नंतर ती थांबली.

वेगाबाबत एक गोष्ट ठळकपणे दिसली. ज्वारीची भाकरी आणि कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्याची उसळ असते त्या दिवशी सगळ्यांचे जेवण आपोआप सावकाश होते, कारण चावावे लागते. शिवाय प्रथिने आणि तंतू दोन्ही पोटात जात असल्याने चार वाजता डब्यांची झाकणे वाजत नाहीत. पावभाजीच्या दिवशी तीच माणसे निम्म्या वेळात उठली आणि झोपण्यापूर्वी पुन्हा काहीतरी शोधू लागली. केविन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० प्रौढांवर केलेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याला धरून आहे. कारखान्यात अतिप्रक्रिया झालेले अन्न हवे तेवढे खाण्याची मुभा होती त्या दोन आठवड्यांत लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त घेतल्या, आणि त्यांचा खाण्याचा वेगही जास्त होता.

१७ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, संध्याकाळी पुन्हा खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचे कूट आणि तूप. मऊ असल्याने तो न चावताच खाली उतरतो. आज घरात सगळ्यांचेच पोट नेहमीपेक्षा जड झाले. उपवासाची श्रद्धा प्रत्येकाची आपली आहे आणि तिला हात लावण्याचे कारण नाही, परंतु पुढच्या एकादशीला खिचडी एकदाच आणि सोबत काकडीची कोशिंबीर व दही, असे सासूबाईंनीच सुचवले.

२१ जुलै

आजची नोंद मागच्या भाताविषयी आहे, आणि ती सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. आमच्याकडे जेवणाची सुरुवात वरणभाताने, मध्ये पोळी किंवा भाकरी आणि शेवट ताकभाताने होतो. हा शेवटचा भात आला की जेवण संपत आले, एवढे पक्के समीकरण आहे. त्यामुळे पोळी खाऊन पोट भरले असले तरी जेवणारा थांबत नाही, कारण त्याच्या हिशेबी जेवण अजून पुरे झालेले नसते. यजमानांना मी पोळीनंतर विचारले, भूक आहे का? ते म्हणाले, भूक नाही, पण भात राहिलाय. आमच्या घरातले अधिकचे खाणे बरेचसे या पाच शब्दांत सामावले आहे.

मागचा भात बंद करावा असे मला वाटत नाही. ताकभाताने जेवण जिभेवर नीट मिटते, आणि पुष्कळांना त्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. मग आम्ही क्रम तोच ठेवून मधे एक विसावा घातला. पोळी संपल्यावर हात ताटातच राहू द्यायचा, पाण्याचे दोन घोट घ्यायचे, दिवसभरातले काही बोलायचे आणि नंतर स्वतःला विचारायचे. वहीत चार पायऱ्या लिहून ठेवल्या : भुकेचा कडका शमला, पुरेसे झाले, पोट भरले, तड लागली. विसाव्यात जो तो आपली पायरी सांगतो. दुसऱ्या पायरीवर असलेल्याने डावभर भात घ्यावा, तिसरीवर असलेल्याने नुसते वाटीभर ताक प्यावे. ताक प्यायले की जेवण मिटल्याची खूण पटते, असा यजमानांचा अनुभव आहे, आणि आता आठवड्यातले बरेचसे दिवस ते ताकावरच उठतात.

पहिल्या पायरीवर थांबण्याचा आग्रह कोणीही धरू नये. अर्धपोटी उठलेला माणूस तासाभरात फरसाणाच्या डब्याशी जातो, आणि शेवेची मूठ मोजता येत नाही.

२८ जुलै

आम्ही सगळे आपापली पायरी सांगत होतो, पण सासूबाईंना विचारायचे राहूनच जात होते, कारण त्या आमच्याबरोबर बसत नाहीत. सगळ्यांचे झाल्यावर त्या ओट्याशी उभ्या राहतात, कढईच्या कडेला चिकटलेली भाजी पोळीच्या तुकड्याने निपटून घेतात, पातेल्याच्या तळाचा भात आमटीत कालवतात, दुरडीत राहिलेली चतकोर संपवतात आणि मग भांडी घासायला टाकतात. त्यांचे जेवण किती व्हावे हे आमच्या भुकेवर ठरते. आम्ही कमी जेवलो तर त्यांना जास्त खावे लागते, आम्ही जास्त जेवलो तर त्यांना पुरत नाही. प्रकल्पामुळे आमच्या ताटातले कमी झालेले अन्न त्यांच्या पोटात जात असेल, तर हा प्रकल्प कोणाच्याही उपयोगाचा नाही.

त्यांच्याशी दुपारी निवांत बोलले. त्या माण तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या शाळकरी वयाच्या होत्या, आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तिथे मिळणारी सुकडी घरी आणून सगळ्यांत वाटली जाई. अन्न टाकायचे नाही हे त्यांना कोणी शिकवावे लागलेले नाही. मला त्यांचा हा नियम पूर्णपणे मान्य आहे आणि तो या घरात असाच राहावा असे मनापासून वाटते. फक्त भूक नसताना पोटात घातलेले अन्नही कारणी लागत नाही, उलट उद्या कोणाची तरी भूक भागवू शकणारे अन्न आज खर्ची पडते, एवढेच मी त्यांच्यापुढे मांडले.

'आई, उद्यापासून तुम्ही आमच्याबरोबरच बसा,' असे म्हटल्यावर त्यांनी विचारले, 'मी बसले तर वाढणार कोण?'

'ज्याला लागेल तो हाताने घेईल.'

'आणि उरलेलं?'

या प्रश्नावर आम्ही बराच वेळ घालवला. जेवायला बसण्यापूर्वीच सगळे अन्न मांडून घ्यायचे आणि जास्तीचे वाटेल ते तेव्हाच झाकणाच्या डब्यात काढायचे, असे ठरले. डब्यात गेलेले अन्न उद्याचे, त्यामुळे ते संपवण्याची जबाबदारी आज कोणावर राहत नाही. भाताच्या बाबतीत विशेष काळजी घ्यायची आहे. शिजलेला भात बाहेर तासन्‌तास राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस हे जिवाणू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणून वाफ जिरली की भाताचा डबा फ्रिजमध्ये गेला पाहिजे. सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो आणि धाकट्याला तो पोह्यांपेक्षाही प्रिय आहे. पोळ्या उरल्या तर कुस्करा.

५ ऑगस्ट

श्रावणातला पहिला सोमवार. दिवे लागायच्या आत उपवास सोडला. सासूबाई पंक्तीत बसल्या, मात्र दोनदा उठल्या. त्यांना घेवड्याची उसळ फार आवडते हे मला इतक्या वर्षांनी कळले, कारण आजवर ती त्यांच्यापर्यंत उरतच नसे.

१० ऑगस्ट

मुलांबद्दल. धाकट्याच्या ताटात काही राहिले की अप्पा त्याला बसवून ठेवत. हेतू चांगलाच असतो, परंतु अमेरिकी संशोधक लीअन बर्च यांनी लहान मुलांवर केलेल्या अभ्यासांतून असे दिसले, की ताट संपवण्याकडे लक्ष वेधलेली मुले पोटाच्या खुणांना कमी प्रतिसाद देतात, तर भुकेकडे लक्ष द्यायला शिकवलेली मुले आधी काही खाल्ले असेल तर त्या बेताने पुढचे कमी घेतात. लहान बाळ पोट भरले की तोंड फिरवते. ही समज जन्मतः असते, आणि 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' म्हणत आपण ती हळूहळू मोडतो. चिऊकाऊच्या घासांमागची माया मला कमी लेखायची नाही, मीही दोन्ही मुलांना तसेच भरवले आहे. फक्त बाळाने मान फिरवल्यावर चिऊने उडून जावे.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची विभागणी घरात सगळ्यांना पटली : काय, केव्हा आणि कुठे जेवायचे हे मोठ्यांनी ठरवायचे, किती खायचे हे मुलाने. अन्न वाया जाऊ नये म्हणून धाकटा आता पहिल्यांदा थोडेच घेतो, आणि हवे तेव्हा पुन्हा घेतो. अप्पांनी त्याला चतकोर मोडायला शिकवले आहे.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

नारळीभात केला. जेवण झाल्यावर मोठीने विचारले, की पोट भरले होते तरी नारळीभाताला जागा कशी झाली? याचे उत्तर आहे. एकच चव सतत घेत राहिल्याने तिची गोडी उतरते, पण न चाखलेल्या चवीची उतरत नाही. बार्बरा आणि एडमंड रोल्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या विशिष्ट चवीपुरत्या तृप्तीचा पद्धतशीर अभ्यास केला. मराठी ताट तर चवींनी भरलेलेच असते. चटणी, कोशिंबीर, लोणचे, पापड, सुकी भाजी, रस्सा, आणि गोड सगळ्यांत शेवटी आले की नवी भूक लागल्यासारखे वाटते. म्हणून गोड शेवटी न ठेवता पहिल्यापासून ताटात घ्यायचे. आज दुसऱ्या वेळी तसे केले, तेव्हा तोच नारळीभात डावभर पुरला.

२ सप्टेंबर

गणपती-गौरींसाठी पाहुणे येणार आहेत, आणि त्यानिमित्त आग्रहाचा विचार करावा लागला. आग्रह न केला तर पाहुण्याला परके वाटते, आणि पाहुण्याने नको म्हटले तर वाढणारीचे मन मोडते. सासूबाईंचे म्हणणे असे, की आग्रह असावा, पण तो पदार्थाचा नसून बसण्याचा असावा. 'अजून एक पोळी घ्या' याऐवजी 'अजून थोडं बसा, घाई करू नका' असे म्हणावे. हे मला स्वतःला सुचले नसते. एकदा विचारावे, पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला की दुसऱ्यांदा विचारू नये, आणि जाताना डब्यात बांधून द्यावे.

११ सप्टेंबर, गौरीपूजन

पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, पंचामृत, भजी, मसालेभात. घरचे आणि पाहुणे मिळून दोन पंक्ती बसल्या. नैवेद्य नेहमीप्रमाणे पूर्ण वाढला, त्यात काही बदल नाही. पंक्तीत मात्र पुरणपोळ्या अख्ख्या न वाढता चार भाग करून ताटलीत ठेवल्या, आणि तुपाची वाटी शेजारी. ज्याला दोन पोळ्या हव्या होत्या त्याने आठ चतकोर घेतले, कोणी काही म्हटले नाही. बऱ्याच जणांचे पाच-सहा चतकोरांवर भागले, कारण प्रत्येक चतकोर उचलताना हात क्षणभर थांबतो आणि त्या क्षणात पोटाकडे लक्ष जाते. अख्खी पोळी ताटात पडली की तो क्षण मिळत नाही.

एका मावस सासूबाईंना हे आवडले नाही. पोळी मोडून वाढणे त्यांना अशुभ वाटले. त्यांच्या ताटात अख्खी पोळी वाढली.

यजमान दुपारी झोपले नाहीत. गौरीजेवणानंतर ते जागे आहेत असे लग्नानंतर पहिल्यांदाच घडले असावे.

२४ सप्टेंबर

स्वयंपाकाची मापे आता खाली आली आहेत. सहा माणसांना रात्री तीन वाट्या तांदूळ लागत, ते दोन वाट्यांवर आले. भाकरीचे पीठ तेवढेच आहे, घेवडा-मटकीची उसळ वाढली आहे. अप्पांच्या डॉक्टरांना सगळे सांगून झाले. त्यांनी भाकऱ्या दोनच ठेवायला सांगितल्या, फक्त रात्रीचे जेवण आठच्या आत घ्यावे म्हणाले. यजमानांचे रक्त ३० तारखेला द्यायचे आहे. एचबीए१सीमध्ये साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी दिसते, म्हणजे त्यात जुलैचे सुरुवातीचे दिवसही येतील.

काही गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. कार्यालयात वाढदिवसाचा केक आणि समोसे येतात तेव्हा विसावा घेण्याइतका वेळ यजमानांना मिळत नाही. परीक्षेच्या दिवसांत मोठी भूक नसतानाही खाते, आणि ते काळजीपोटी असल्याने त्याला पायऱ्यांचा उपयोग होत नाही. तिच्याशी अभ्यासाबद्दल बोलणे हाच उपाय दिसतो. आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने या नोंदी मागितल्या होत्या, पण ती मुळातच फार कमी जेवते असे दिसल्याने तिला त्या न देता आधी समुपदेशकांकडे पाठवले. अन्नाला घाबरणाऱ्या माणसासाठी थांबण्याचा हा अभ्यास नाही.

२ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या आहे. खीर, वडे, भाज्या, सगळे होईल. सासूबाईंनी आजच यादी केली असून वडे किती जणांना किती लागतील ते प्रत्येकाला विचारून लिहून घेतले आहे. यादीत सर्वांत वर, स्वतःच्या नावापुढे त्यांनी तीन वडे लिहिले आहेत.